हात हुंगणारी

"हात दाखवा बघू, आजी."

मी दोन्ही हात पुढे केले. वाटलं, नखं बघायची असतील. पोरांना जेवण वाढायचं काम, तेव्हा नखं बघणारच. संस्थेच्या मॅडमनी माझा उजवा हात मनगटाशी दोन बोटांनी धरला, उचलला आणि नाकाशी नेला. हुंगला. मग डावा हुंगला. खोलीत संस्थेच्या बाकीच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या देखत. मग मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "नाही येत. चालतील."

बाजारात गिऱ्हाईक पापलेट उचलतं, कल्ला उघडतं आणि हुंगतं. ताजं आहे का बघायला. तसं. मी जन्मभर मासे विकले. माझ्या टोपलीतला मासा लोकांनी किती वेळा असा हुंगला असेल, त्याला हिशोब नाही. पण मी टोपलीच्या अलीकडे बसलेली असायची. त्या दिवशी मी टोपलीत होते.

आता खरं सांगते. मला राग नाही आला. मला आनंद झाला.

आदल्या दिवसापासून माझी तयारी चालली होती ना! लिंबाच्या साली घासल्या, चुलीची राख लावली, नातीचा वासाचा साबण तिला न विचारता वापरला. बंदरावरची बाई म्हटल्यावर कोणीतरी नाक मुरडणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी हुंगायच्या आधीच मी स्वतःला कितीदा हुंगून झाले होते. आणि पास झाल्यावर पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी मी घरी आले. सुनेला म्हटलं, "घेतलं गं मला."

"काय विचारलं?" सून म्हणाली.

"काय नाय. असंच."

मी समुद्राकाठची. घिवलीच्या बाजूची. नवरा होडीवर आणि मी टोपलीवर, असा आमचा संसार झाला. शाळा चौथीपर्यंत. पुढचं माझं सगळं वाचन रद्दीवर झालं. सुकट बांधून द्यायला वर्तमानपत्रं आणायची, गिऱ्हाईक नसलं की तीच वाचत बसायचं. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट. शेवट कोणाच्या तरी घरी पुडीबरोबर गेलेला असायचा. मग शेवट मी आपला मनाने लावायची. ह्या लिहिण्याची सवय तिथलीच म्हणा. नवरा गेला, मुलाला बोईसरला कंपनीत काम लागलं, तशी मी त्याच्या मागोमाग चाळीत आले. समुद्र सुटला. हात रिकामे झाले. रिकाम्या हातांची मला फार भीती वाटते, म्हणून ते काम धरलं.

काम वाईट नव्हतं. हे मी आजही म्हणते, कोणी कितीही रागावलं तरी. आमच्या वस्तीतल्या पोरांचे आईबाप सकाळीच बाहेर पडतात. कोणी कंपनीत, कोणी बांधकामावर, कोणी नाक्यावर उभं राहून मिळेल ते. बिहारकडचे आहेत, जव्हार-विक्रमगडकडून आलेले आहेत, आमच्यासारखे किनाऱ्यावरचे आहेत. पोरं दिवसभर रस्त्यावर. गटाराच्या कडेने, ट्रकांच्या मधून. संस्थेने वस्तीत दोन खोल्या घेतल्या, दुपारी अभ्यास आणि एक वेळचं गरम जेवण सुरू केलं. पोरं अक्षरं ओळखायला लागली. ज्यांची नाकं कायम वाहायची त्यांची पुसली जायला लागली. मॅडम स्वतः बसून शिकवायच्या. मला रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करायच्या, एकदा तर स्वतः घेऊन आल्या. वाईट बाई नाही ती. वाईट असती तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

जेवण यायचं ते एका मोठ्या मंडळाच्या स्वयंपाकघरातून. तिथे कांदा नाही, लसूण नाही, अंडं-मासा तर नावालाही नाही. ते त्यांचं घर, त्यांचा धर्म. त्यांच्या भांड्यात मी कधी चमचासुद्धा न विचारता घातला नाही. त्यात मला काही म्हणायचं नाही. पण एके दिवशी त्यांच्यातल्या एक बाई पोरांना स्वतःच्या हाताने वाढायला आल्या. एका पोराने हात पुढे केला. घरून बोंबलाची चटणी खाऊन आलेला असणार. बाईंनी पुरी दिली, त्याची बोटं त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी हात मागे घेतला, पदर नाकाला लावला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. परत आत आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आजी, आता रोज दारातच हात बघायचे. हे काम तुमचंच. तुम्हाला लगेच कळेल, तुमचं आयुष्यच त्यात गेलंय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असेन.

आणि मी ते काम मन लावून केलं. कसं केलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला जबरदस्ती केली.

पोरं रांगेत यायची. तळवे वर. मी खुर्चीवर बसून एकेक हात नाकाशी न्यायची. ज्याला वास नाही तो आत. ज्याला आहे तो पायरीवर. शिकवणं खिडकीतून ऐकायचं. जेवण सगळ्यांचं झालं की कागदाच्या ताटलीत पायरीवर मिळायचं. उपाशी कोणाला ठेवलं नाही, अशी मी माझी समजूत घालायची. पोरंही पक्की. कोणी पेरूचा पाला चुरडून यायचं, कोणी दात घासायची पेस्ट चोळून. पिंटू म्हणून एक बिहारकडचा पोरगा, सरसोंच्या तेलात हात बुडवून आला एकदा. "सूंघो आजी, सिर्फ आलू खाया है!" मी म्हटलं, "आलू के नीचे जवळा हाय रे, पिंटूशेठ." पूर्ण रांग हसून लोळली. तोही हसत हसत पायरीवर जाऊन बसला. पोरांनी मला नाव ठेवलं, नाकवाली आजी. आणि मला ते नाव आवडायचं. कोणाच्या घरी काल मांदेली होती, कोणाकडे करंदी, हे मी हातावरून सांगायची. मॅडम पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, आमच्या आजींचं नाक म्हणजे मशीन आहे.

त्याच दारात उभं राहिलं की कंपन्यांचा वास यायचा. घशाला खवखवणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. सगळ्यांच्या अंगाला, कपड्यांना, दोरीवरच्या चादरींना तो लागलेला असतो. तो वास मी कोणाच्या हाताला हुंगला नाही. त्या वासासाठी कोणी पायरीवर बसलं नाही.

आणि रविवारी मी काय करत होते? तेही ऐका. रविवारी सुट्टी. मी बोईसरच्या बाजारात जायची. कडेला, जिथे फरशी संपते तिथे, लखमी सुकट आणि बोंबील घेऊन बसायची. लखमी विक्रमगडच्या बाजूची. पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर थोडा भात, तो संपला की खाली कामाला यायचं. आठवडाभर ती चिंचणीकडे मजुरीने बोंबील वाळवायला जायची. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, दिवसभर, उन्हात. तिची पोरगी सुनी आमच्याकडे यायची. दुसरीतली. मी लखमीकडून बोंबील घ्यायची, घरी निखाऱ्यावर भाजायची, चुरायची, वर कच्चा कांदा. जीव तृप्त व्हायचा. आणि सोमवारी मी सुनीचे हात हुंगायची.

लखमी बाजारात मला म्हणायची, "काय आजी, सोमवारचा वास रविवारी नाय लागत का?"

मी म्हणायची, "वजन नीट कर गं, तोंड कमी."

ती हसायची. मी हसायची. ती दोन बोंबील वर टाकायची. "सुनीला जरा सांभाळून घ्या," म्हणायची. मी बोंबील घ्यायची.

माझे हात? पहिल्या दिवसानंतर ते कोणी हुंगले नाहीत. मी पास झालेली होते.

मग ती दुपार आली. रांग लागली होती. मी एकेक हात बघत होते. नजर गेली तर सुनी रांगेत नाही. आधीच पायरीवर जाऊन बसलेली. दप्तर मांडीवर, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, केस एकही दिसत नव्हता. मला वाटलं, उवा झाल्या असतील.

"इकडे ये. हात दाखव."

तिने बसूनच हात दाखवले. मी खुर्चीवरून उठले, वाकले, हुंगले. नुसता पाटीवरच्या पेन्सिलीचा वास.

"काय खाल्लंस?"

"काय नाय."

"मंग इथं का बसलीस?"

"आईने धरून बसवून वेणी घातली."

मला कळेना. "बरं मग?"

"तिच्या हाताचा केसाला लागला असंल." मग मान वर करून म्हणाली, "मी आईला सांगितलं, उद्यापासून मला हात नको लावू. मी माझी घालीन."

रडत नव्हती हो. रडली असती तर मी जवळ घेतली असती. ती माझ्याकडे बघत होती, पाढा बरोबर म्हणून झाल्यावर पोर बघतं तसं. आता आजी शाबास म्हणणार, ह्या नजरेने.

मी म्हटलं, "चल आत."

ती म्हणाली, "नको. मॅडम बघतील."

आणि मी काय केलं? मी आत गेले. बाकीच्यांना वाढलं. शेवटी कागदाच्या ताटलीत खिचडी घेऊन बाहेर आले आणि पायरीवर तिच्यासमोर ठेवली. रोजच्यासारखी.  पोरीच्या हाताला वास नव्हता, केसाला होता की नव्हता मी बघितलंही नाही, आणि तरी मी तिला बाहेर वाढलं. कारण ती आपल्या पायांनी बाहेर बसली होती आणि मला ते सोयीचं होतं.

घरी आले.  आणि मला आमची शाळा आठवली. किती वर्षांत आठवली नव्हती.

आमचे गुरुजी आम्हा बंदरावरच्या पोरांना वाऱ्याची बाजू बघून बसवायचे. सकाळी वारा डोंगराकडून यायचा, तेव्हा आम्ही पश्चिमेच्या खिडकीखाली. दुपारी वारा समुद्राकडून यायला लागला की आम्ही उठून पूर्वेच्या दाराशी. म्हणजे आमच्या अंगावरून गेलेला वारा बाकीच्यांच्या नाकाला लागायला नको. सुरुवातीला गुरुजी छडीने दाखवायचे, "उठा, तिकडे." नंतर त्यांना सांगावं लागलं नाही. आम्ही मासेवाल्यांची पोरं, वारा फिरला की आम्हाला सगळ्यांच्या आधी कळायचं. धडा चालू असायचा, गुरुजी फळ्याकडे तोंड करून असायचे, आणि आम्ही आपापल्या पाट्या उचलून, आवाज न करता, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जायचो. गुरुजी वळून बघायचे आणि म्हणायचे, "शहाणी आहेत."

आम्हाला बरं वाटायचं. शहाणी म्हणाले म्हणून.

आयुष्यभर मी ती गोष्ट हसत सांगितली. नातीला सांगितली, की बघ, वारा कसा ओळखायचो आम्ही. त्यात काही अपमान होता, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. सुनीच्या डोक्यावरचं फडकं बघून कळलं. मला छडी दाखवायला कोणीतरी होतं. सुनीला छडी दाखवणारी मी होते.

त्याच संध्याकाळी लखमी आली. कामावरून थेट आली होती. उंबऱ्याच्या बाहेर बसली.

"आत ये गं."

"नको. तुमचं घर वासंल."

 सून पाणी घेऊन आली, तिने तांब्या घेतला, वरून प्यायली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"पोर माझ्या हातचा घास नाय घेत. ताटलीत टाक म्हनते, लांबून. परवा अंग तापलं होतं तिचं. कपाळाला हात लावाया गेली तर तोंड फिरवलं. झोपंत पन माझ्याकडं पाठ."

"मी बोलते तिच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलाल? तुमीच शिकवलं ना तिला."

"नियम हाय गं तिथला. माझ्या हातात काय हाय?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "नियम त्यांचा. नाक कोनाचं?"

 ती उठली. जाताना वळून म्हणाली, "दुसऱ्या कोनी केलं असतं ना, तर मी दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या. तुमाला काय बोलू? तुमी तर बंदरावरच्या."

ती गेली. सून म्हणाली, "आई, सोडा ते काम." मी म्हटलं, सोडून काय होतं? मी सोडलं तर उद्या दुसरी कोणी खुर्चीवर बसेल. आणि सुनीच्या डोक्यात जे मी घातलं ते माझ्या घरी बसण्याने निघणार आहे का?

सकाळी मी बोंबील भाजले. लखमीकडचेच. चुरले, मिरची, कांदा, मीठ. तांदळाच्या भाकरीबरोबर पोटभर खाल्ले, बोटं चाटून खाल्ले. हात नुसत्या पाण्याने धुतले. लिंबू नाही, राख नाही. आणि दुपारी खुर्चीवर जाऊन बसले.

रांग आली. तळवे वर. पहिला पिंटूच होता.

मी माझे हात पुढे केले. "आज तुमी माझे हुंगा."

पिंटूने इकडेतिकडे बघितलं. मग वाकला, हुंगला आणि ओरडला, "आजी! बोंबील!"

"काय सांगतोस? नीट बघ."

"भुना हुआ! प्याज भी है!"

मग काय, रांग मोडली. सगळी पोरं माझ्या हातांवर पडली. "आजी फेल! आजी बाहर! आजी पायरीवर!" हसता हसता एकमेकांच्या अंगावर. सुनी पायरीवर बसून हे सगळं बघत होती. फडकं तसंच. हसत नव्हती.

मी उठले आणि तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. पोरांना म्हटलं, "जा रे सगळी आत. आजपासून नाक बंद."

पोरं आत गेली. हात न हुंगलेली. मॅडम आल्या तेव्हा खुर्ची रिकामी आणि मी पायरीवर.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत. मला बाजूला नेलं, खांद्यावर हात ठेवला. "आजी, तुम्ही समजूतदार आहात. मला काय हौस आहे का? पण जेवण देणाऱ्यांच्या भावना आहेत. उद्या त्यांनी जेवण बंद केलं तर? ह्या पोरांनी काय खायचं? तुमच्या मासळीच्या हट्टापायी?"

हे मात्र लागलं. कारण खोटं नव्हतं. त्या पोरांतली कितीतरी दिवसातून एकदाच गरम जेवतात, ते तिथे. मी त्यांच्या ताटात माती कालवते आहे का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला, आजही पडतो. मी म्हटलं, "तुमच्या जेवणात मी मासा आणणार नाय. डब्यात आणू नका म्हणा, पोरं नाय आणणार. पण घरी खाल्लेलं मी हुंगणार नाय."

"वास येतो, आजी. बाकी काही नाही. वासच तर आहे. हात धुवून यायला काय हरकत आहे?"

"पोरगी आईला हात लावू देत नाय, मॅडम."

"कोण पोरगी?"

मी सुनीकडे बोट दाखवलं. मॅडमनी बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा हलला, मी बघितलं ते, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "त्याचा इथे काय संबंध? मुलं काहीही मनाला लावून घेतात. आणि तुम्ही तर इतके दिवस स्वतःच बघत होता ना हात? तेव्हा काही बोलला नाहीत."

"नाय बोलले. पहिल्या दिवशी तुमी माझे हुंगले, तेव्हाच हात मागे घ्यायला पाहिजे होते. तेव्हा घेतले असते तर पुढचे कोणाचेच हुंगले नसते. आज मागे घेते."

"मग खोलीची चावी ठेवून जा," मॅडम म्हणाल्या. हळूच म्हणाल्या.

मी कमरेची चावी काढली आणि खुर्चीवर ठेवली.

ह्याला आता बरेच दिवस झाले. जेवण बंद पडलं नाही. खुर्चीवर आमच्याच चाळीतली एक बाई बसते. गरजू आहे, नवरा आजारी. पहिल्या दिवशी मला बघून तिने मान खाली घातली. मी तिला काही बोलले नाही. मी बोलणारी कोण? ती पोरांचे हात माझ्यासारखे नाकाशी नेत नाही, लांबूनच बघते. पण बघते. पोरं जातात. जावंच त्यांनी, भूक आहे. पिंटू मला बघून दारातून ओरडतो, "आजी, पास हो गया!" आणि मला हसू येत नाही.

सुनीही जाते. रोज. वेणी स्वतः घालते, वाकडी, एक बाजू सुटलेली. फडकं बांधते. रांगेत उभी राहत नाही. सरळ पायरीवर.

मी डबा घेऊन जाते आणि तिच्या शेजारी बसते. पायरी काही संस्थेची नाही, वस्तीची वाट आहे ती. नव्या बाईने एकदा आतून निरोप आणला, "आजी, मॅडम म्हणतात बरं दिसत नाही." मी म्हटलं, "दिसू नये बरं."

पहिल्या दिवशी डबा उघडला. भाकरी, वर बोंबलाची चटणी. एक घास केला आणि सुनीपुढे धरला. तिने घासाकडे बघितलं नाही. तिने माझा हात मनगटाशी धरला. दोन बोटांनी. नाकाशी नेला. हुंगला. आणि मग माझा हात, घासासकट, परत माझ्या मांडीवर ठेवून दिला. अलगद. दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

कोणी शिकवलं होतं तिला असा हात धरायला? मीच. मला मॅडमनी. पण ते मॅडमपाशी संपलं असतं. मी मधे होते, माझ्यातून ते पुढे गेलं.

लखमी बाजारात आता माझ्याशी थट्टा करत नाही. वजन करते, पुडी देते. वर काही टाकत नाही. बरोबर आहे तिचं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नका मागू. पोरीला सांगा." पोरीला मी सांगितलं, रोज सांगते, की आजी चुकली, आईच्या हाताला वास येतो तो कामाचा, त्याने तुझं पोट भरतं. ती ऐकून घेते. मान हलवते. आणि संध्याकाळी आईकडे पाठ करून झोपते. बोलून बसलेली गोष्ट नाही ही, बोलून कशी निघेल? रोज तळवे वर करून, रोज हुंगून बसलेली आहे. तेवढ्याच दिवसांनी निघाली तर निघेल. नाही निघाली तरी मला तिथून उठता येणार नाही.

लोक विचारतात, म्हातारे, काय मिळतं तिथे बसून? काही मिळायला बसत नाही. त्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येक पोराने एक म्हातारी पायरीवर बसून उघड्या हाताने मासा खाताना बघितली पाहिजे. येणाऱ्या पाहुण्यांनी बघितली पाहिजे. मॅडमनी रोज, आत जाताना आणि बाहेर येताना, बघितली पाहिजे. मी हात धुणार नाही. लपवणार नाही. हुंगायचे असतील त्यांनी यावं, वाकावं आणि हुंगावं. आणि ज्या दिवशी सुनी आईच्या मांडीत डोकं देऊन वेणी घालून घेईल, त्या दिवशीही मी तिथेच असेन. कारण पायरीवर तेव्हा दुसरं कोणीतरी पोर बसलेलं असणार.

एक सांगायचं राहिलं. त्या खोलीचं दार पश्चिमेला आहे. दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो, कंपन्यांवरून येतो, तरी इथपर्यंत पोचतो. मी पायरीवर बसते, डबा उघडते आणि माझ्या भाकरीवरचा वास सरळ आत जातो. वाऱ्याची बाजू मला अजून कळते. लहानपणी ती ओळखून मी पाटी उचलायची आणि जागा सोडायची. आता ती ओळखूनच बसले आहे.

वारा फिरला तरी उठणार नाही.